एकाच बाजूने तुटलेलं नाणं

१

"हे नाणं माझं नाही."

क्लेम स्कीपवर्थने ती छोटी पारदर्शक पुडी टेबलावर अशी ठेवली, जणू मेलेला उंदीरच ठेवतोय. हेस्टर ब्लँचर्डने चष्मा कपाळावर सरकवला आणि त्याच्याकडे बघितलं. बीटचे ट्रक चालवण्यात उभी हयात घालवलेला हा आडदांड म्हातारा आजवर तिच्याशी चढ्या आवाजात एक शब्द बोलला नव्हता. आज त्याचे कान लालबुंद झाले होते.

इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यातल्या मार्शबरो गावच्या संग्रहालयात, जिन्याखालच्या खोलीत हेस्टर बसायची. लोकांना शेतात सापडलेल्या जुन्या वस्तू बघायच्या, त्या काय आहेत ते ओळखायचं, नोंद करायची आणि ज्याची वस्तू त्याला परत द्यायची, हे तिचं काम. त्यात भरणा असे तो रोमन अमलाच्या उतरणीच्या काळातल्या तांब्याच्या नाण्यांचा. नखाएवढी, हिरवी पडलेली, बाजारात ज्यांना कुणी विचारत नाही अशी. सोन्याचांदीचं घबाड सापडलं तर कायद्याने कळवावं लागतं. शेतात इकडेतिकडे सांडलेल्या या तांब्याच्या नाण्यांना तशी सक्ती नाही. धातू शोधणारा डिटेक्टर घेऊन फिरणारे लोक ती आणून दाखवत ते निव्वळ भलेपणापोटी. पाऊसपाण्यात शेतं तुडवायची, चिखलातून नाणं काढायचं आणि वर ते कुठे सापडलं तेही प्रामाणिकपणे सांगायचं. कुणाचं काय अडलं होतं? हेस्टरला या लोकांचे पाय धरावेसे वाटत. धरले असते तर ते लाजून पळाले असते, एवढंच.

"का बरं तुमचं नाही?" तिने विचारलं.

"कारण मी अजून आंधळा झालो नाही, पोरी." क्लेमने नोंदीबरोबर मिळालेला फोटोचा कागद उलगडला. "हा तुमचाच फोटो ना? बघ. एका बाजूला टोप घातलेली रोमची देवी. नाक बघ तिचं, काय ताठ आहे! दुसऱ्या बाजूला लांडगीण आणि तिचं दूध पिणारी ती दोन पोरं. पोरांची ढुंगणंसुद्धा मोजता येतात. आता हे पुडीतलं बघ."

हेस्टरने नाणं भिंगाखाली धरलं. देवी सुरेख होती. मागची लांडगीण मात्र पार झिजलेली. लांडगीण की मेंढी, देव जाणे.

"म्हटलं, पुड्यांची अदलाबदल झाली असेल," क्लेम पुढे म्हणाला. "माझ्या नऊ नाण्यांत लांडगिणीची तीन. दुसरं बघितलं, ते दोन्हीकडून जेमतेम. तिसऱ्याची लांडगीण झकास, पण देवीचं थोबाड सपाट! फोटोतलं दोन्ही बाजूंनी देखणं नाणं कुठे गेलं मग? हवेत विरलं? आणि ही खाच बघ. फोटोतल्या लांडगिणीची कड गोल आहे, सबंध. ह्याची तुटलेली आहे."

हेस्टरने बघितलं. तो म्हणत होता ते शब्दन् शब्द खरं होतं.

"मी ती चिखलासकट दिली," क्लेमचा आवाज आता खाली आला. "तूच सांगतेस ना, घासू नका म्हणून? ऐकलं तुझं. घासली असती तर निदान माझं नाणं मला ओळखता तरी आलं असतं."

हेस्टरने फोटोचा कागद पुन्हा हातात घेतला.

"गुरुवारी आमच्या डिटेक्टर क्लबची बैठक आहे. तुला यापुढे काही दाखवायचं की नाही, यावर रॉय मत घेणार आहे." क्लेमने टोपी डोक्यावर चढवली. "मी नको म्हणून हात वर करीन, हेस्टर. वाईट वाटेल मला. पण करीन."

२

ते नाणं किती जणांच्या हातातून गेलं, याचा हिशेब अवघड नव्हता. क्लबच्या लोकांच्या पुड्या रॉय पॅडिसन आणून देई आणि परत घेऊन जाई. हेस्टर नाणी हलक्या हाताने साफ करी, ओळखी, वजन करी आणि खळगे असलेल्या ट्रेमध्ये मांडून ठेवी. मंगळवारी ती गावोगावच्या क्लबांकडे फिरतीवर असे. तेव्हा आयव्ही कॉर्डेल येऊन फोटो काढी. परतल्यावर हेस्टर स्वतः नाणी पुड्यांत भरी. म्हणजे चोर असलाच तर या तिघांतला, आणि त्यातली एक ती स्वतः!

रॉयची बाजारात गाळ्याएवढी जागा होती. जुनी नाणी, बिल्ले, लष्करी बटणं. हेस्टरला येताना बघून त्याने हात जोडल्यासारखं केलं.

"या, बाईसाहेब! झडती घ्यायला आलात? घ्या. बेड्या आणल्यात का बरोबर?"

"रॉय, पुडी तुमच्याकडे किती वेळ होती?"

"तुझ्या खोलीतून क्लेमच्या घरी जाईपर्यंत. पुडीला तू स्टेपल मारली होतीस, वर तुझी सही. क्लेमने ती माझ्यासमोर फोडली. विचार त्याला." त्याने टेबलाखालून एक वाडगा काढून तिच्यापुढे आदळला. वाडग्यात हिरवट नाण्यांचा ढीग. "ह्या लांडगिणी मी मूठ-मूठ विकतो, आणि तरी कुणी घेत नाही. चोरायचंच असतं तर क्लेमच्या घरी चोरी केली असती का मी? माझ्या लग्नात साक्षीदार म्हणून सही त्याने केली होती!"

रॉयचा राग खरा होता. पैशाच्या बाबतीत तो चिंगूस होता, खोचक होता, पण गेली कित्येक वर्षं साऱ्या तालुक्याच्या पुड्या पेट्रोलचा एक पैसा न मागता तोच वाहत होता. हेस्टरने तेच त्याला सांगितलं. तो जरा वरमला.

"ते राहू दे. आयव्हीला विचारलंस का?"

"आयव्ही? काहीतरीच काय!"

"काहीतरीच नाही. हल्ली तिचं काहीतरी बिनसलंय. परवा क्लबात मी तिला चहा दिला, तर कप हातात घेईना. 'ठेव तिथे' म्हणाली. गेला गार होऊन. पूर्वी दोन-दोन कप ढोसायची. आणि माणसाशी बोलताना हात खिशात!" रॉय पुढे वाकला. "खाई त्याला खवखवे, हेस्टर. ज्याचं मन खातं ना, त्याच्या घशाखाली चहा उतरत नाही."

हेस्टर निघाली. पण तिलाही आठवलं होतं: गेल्या आठवड्यात आयव्हीने खोलीची किल्ली तिच्या हातात दिली नव्हती, टेबलावर टाकली होती.

३

आयव्हीवर संशय घ्यायचा म्हणजे हेस्टरला घास कडू लागे. नोकरीच्या पहिल्या वर्षी, एकटीने नोंदी करता करता तिच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं, तेव्हा ही ठेंगणी बाई दारात उभी राहिली होती. "मी शाळांतल्या पोरांचे फोटो काढायची," आयव्ही म्हणाली होती. "ती हलतात. तुझी नाणी तरी स्वस्थ बसतील." तेव्हापासून आयव्हीने नाण्यांच्या फोटोंचा डोंगर उभा केला होता, आणि मोबदल्यात घेतला होता तो फक्त चहा.

म्हणून माणसांना विचारणं बाजूला ठेवून हेस्टर नाण्याकडे वळली. दुपारी संग्रहालयात शुकशुकाट होता. क्लेमने रागाच्या भरात नाणी तिच्या टेबलावरच टाकून दिली होती. तिने ती काढली, फोटो पडद्यावर मोठा केला आणि या खेपेला देवीचं नाक आणि पोरांची ढुंगणं सोडून नुसती कड बघायला सुरुवात केली.

क्लेमने मागची बाजू बघून भांडण काढलं होतं. पुढची बाजू कुणी धड बघितलीच नव्हती. देवीच्या टोपामागे, सावलीत, कडेला एक खाच होती. पुडीतल्या नाण्याला होती तशीच, त्याच आकाराची.

हेस्टरने दोनदा बघितलं. फोटोत नाण्याला पुढून खाच होती आणि मागून नव्हती. कड तुटली की ती दोन्ही बाजूंनी तुटते. पोळीचा तुकडा मोडल्यावर ती उलटी केली म्हणून सबंध होत नाही.

एकाच बाजूने तुटलेलं नाणं जगात असूच शकत नाही. म्हणजे क्लेमचं ते देखणं नाणं चोरीला गेलं नव्हतं. ते कधी नव्हतंच. कुठल्या तरी एका नाण्याच्या तोंडाला दुसऱ्याच नाण्याची पाठ जोडली गेली होती.

खाच असलेली पाठ तिला लगेच सापडली. ती तिसऱ्या नाण्याच्या फोटोत जाऊन बसली होती, सपाट थोबाडाच्या शेजारी. दोन देखण्या बाजू एका फोटोत, दोन झिजक्या दुसऱ्यात. तिने उरलेली सहाही नाणी तपासली. नाणी मांडताना ती नेहमी प्रकार लावून मांडत असे: पहिल्या ओळीत लांडगिणी, दुसऱ्या ओळीत निशाणाच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले शिपाई, तिसऱ्या ओळीत घोड्यावरून कोसळणारा स्वार. एका ओळीत एकाच जातीची नाणी. त्यामुळे डावी-उजवीकडे पाठी बदलल्या तरी लांडगिणीला लांडगीणच मिळे, शिपायाला शिपाई. नोंद वाचणाऱ्याला संशय यायचं कारणच नाही. तिच्या टापटिपीनेच घात केला होता.

पण खरी गंमत पुढेच होती. तिन्ही ओळींत मधल्या नाण्याची पाठ बरोबर होती. टोकाच्या नाण्यांच्या पाठी मात्र एकमेकींच्या जागी. तिन्ही ओळींत, न चुकता.

माणूस विसराळू असला तर एखाददुसरी चूक करतो, आणि तीही कशीही. इतक्या शिस्तीत चूक कोण करतं?

४

आयव्हीच्या स्वयंपाकघरात बन भाजल्याचा वास दरवळत होता. दार उघडल्यावर ती क्षणभर दचकली.

"आलीस? मला वाटलंच होतं. रॉयने गावभर केलंय."

"आयव्ही, मी फक्त विचारायला आले—"

"बस आधी. माझे बन जळतायत. ही भट्टी म्हणजे एक शिक्षा आहे. डावीकडचे नेहमी करपवते, कितीदा सांगितलं दुरुस्तीवाल्याला."

तिने दोन्ही हातांत जाड मोजे घालून साचा बाहेर काढला. बारके बन, तीन-तीनच्या ओळी. हेस्टरने बघितलं, एकेक बन उचलण्याऐवजी आयव्हीने साच्यावर जाळी उपडी ठेवली, दोन्ही कोपरांनी सारं घट्ट दाबलं आणि एका झटक्यात ते धूड उलटं केलं. साचा उचलला. बन जाळीवर पालथे पडले होते.

करपलेले बन उजवीकडे होते.

हेस्टर त्या बनांकडे बघतच राहिली. डावीकडचे उजवीकडे गेले होते, उजवीकडचे डावीकडे. मधले जिथल्या तिथे.

"आयव्ही," ती हळूच म्हणाली, "नाणीसुद्धा तुम्ही अशीच उलटता का?"

आयव्हीने मोजे काढले नाहीत. ती स्टुलावर बसली. मग तिने एक मोजा ओढून काढला आणि हात टेबलावर ठेवला. बोटं आपली आपण थरथरत होती, नखं लाकडावर टकटक वाजत होती.

"नाताळपासून," ती म्हणाली. "नाणं चिमटीत धरवत नाही. धरलं तर उडून जातं. मग युक्ती काढली. ट्रेवर दुसरा ट्रे ठेवायचा आणि दोन्ही उलटे करायचे. पुन्हा उलटे केले की नाणी आपापल्या जागी. मला वाटलं, काय डोकं आहे माझं!" ती हसायला गेली, पण जमलं नाही. "चुकलं कुठे, सांग ना."

हेस्टरने करपलेल्या बनांकडे बोट दाखवलं. पुढचे आणि मागचे फोटो ट्रेमधल्या जागेच्या क्रमाने जुळवले जात. आयव्हीला समजायला वेळ लागला नाही. आयुष्य कॅमेऱ्यामागे काढलेली बाई होती ती. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"नाताळपासूनचे सगळेच फोटो?"

"दुरुस्त होतील. कडा जुळवायच्या फक्त. पण मला सांगायचं होतंत, आयव्ही."

"सांगून? 'थँक्यू, आयव्हीबाई, आता घरी बसा' हे ऐकायला? माझा हॅरॉल्ड वारल्यापासून मंगळवार हा एकच वार आहे माझा. बाकीचे सहा नुसते येतात आणि जातात." तिने हात पुन्हा मोज्यात सारला. "क्लबात नको सांगूस, हेस्टर. चोर म्हणाले तरी चालेल. पण ते मला बिचारी म्हणाले तर मी कुठे तोंड लपवू?"

हेस्टरने शब्द दिला. आणि घरी जाताना रस्ताभर, आपण कोणत्या तोंडाने क्लबसमोर उभं राहणार, हेच तिला कळेना.

५

गुरुवारी पबची मागची खोली गच्च भरली होती. क्लेम पुढेच बसला होता, हाताची घडी घालून. हेस्टरने फोटो भिंतीवर मोठे करून दाखवले. खाच दाखवली. एकाच बाजूने तुटलेलं नाणं असू शकत नाही, हे तिने सांगितलं तेव्हा मागून कुणीतरी "अरेच्चा!" म्हणालं.

"नाणं कुणी नेलं नाही," ती म्हणाली. "फोटोंच्या पाठी बदलल्या. तीन ओळी, प्रत्येकीचं मधलं नाणं बरोबर, टोकाची उलटसुलट. ट्रेवर ट्रे ठेवून उलटा केला की असं होतं. तपासणं माझं काम होतं. मी तपासलं नाही. चूक माझी."

"थांबा, थांबा." रॉय उठला. "ट्रे उलटा करतं कोण? नाणं तर हाताने उलटतात. म्हणजे आळशीपणाच झाला की! काय घाई होती एवढी? आमची नाणी म्हणजे काय साच्यातले केक, एकदम पालथे घालायला?"

हशा पिकला. क्लेम हसला नाही.

"रॉय, मी सांगितलं ना, जबाबदारी माझी आहे—"

"तू मंगळवारी संग्रहालयात नसतेसच! कुणाला पाठीशी घालतेस?"

"मला."

आयव्ही दारात उभी होती. डोक्याला रुमाल, अंगात जाड कोट. ती केव्हा आली, कुणी बघितलं नव्हतं. गर्दीने आपोआप वाट दिली. ती टेबलापाशी आली, हातमोजे काढले आणि दोन्ही हात दिव्याखाली ठेवले.

टेबलावरचा रिकामा ग्लास तिच्या बोटांच्या धक्क्याने किणकिणत होता.

"हा घे तुझा आळशीपणा, रॉय," ती म्हणाली. "चहा का पीत नाही विचारत होतास ना? सांडतो म्हणून. क्लेम, तुझं ते देखणं नाणं मीच बनवलं रे. तुला फुकट आशा लावली. माफ कर."

रॉयने खाली बघितलं. "आयव्ही, मी एक नंबरचा गाढव आहे," एवढंच तो शेवटी पुटपुटला.

"ते आम्हाला माहीत आहे," मागून आवाज आला, आणि खोलीतला ताण जरा सैल झाला.

क्लेम उठला. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते, पण रागाने नव्हे.

"माझ्या पहिल्या नाण्यांचे फोटो हिने काढले," तो सगळ्यांकडे बघून म्हणाला. "मी ते बायकोला नेऊन दाखवले होते. मातीचे गोळे घरी आणतोस म्हणून ती रोज करवादायची. फोटो बघितले आणि गप्पच झाली. मग भिंतीवर लावले. अजून आहेत तिथेच." त्याने घसा खाकरला. "एवढ्या वर्षांत मी हिला एकदाही थँक्यू म्हटलं नाही. तुमच्यापैकी कुणी म्हटलंय? हात वर करा बघू."

एकही हात वर झाला नाही.

"मग मत कसलं घेतोय आपण?" क्लेमने कोटाच्या खिशातून मातीने बरबटलेली पुडी काढली आणि आयव्हीच्या हातांशेजारी ठेवली. "ही रविवारी सापडली. घासलेली नाहीत. फोटो तूच काढायचेस. नाणी उलटायला मी येतो."

"तू?" आयव्हीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण जीभ जागेवर आली होती. "तुझे हात बघितलेस का कधी? ती फावडी आहेत."

"असू देत. थरथरत तर नाहीत."

हेस्टरने भिंतीवरचा फोटो बंद केला. तिला काहीतरी बोलायचं होतं, सगळ्यांचे आभार मानायचे होते, मनात भाषणही तयार होतं. पण तिने नुसती मान हलवली. ते सगळ्यांना पुरलं.

मंगळवारी तिने फिरती पुढे ढकलली आणि खोलीतच थांबली. क्लेम नखं ब्रशने घासून, केसांना पाणी लावून आला. आयव्हीने कॅमेरा लावला. त्याने श्वास रोखून पहिलं नाणं चिमटीत धरलं, उलटं केलं, आणि ते सटकन निसटून टेबलाखाली गेलं.

आयव्ही इतकी हसली की तिला खुर्चीला धरून बसावं लागलं. शेतंच्या शेतं पालथी घालणारा तो माणूस गुडघ्यावर आला, डोकं टेबलावर आपटून घेतलं, शिवी हासडली आणि सारी फरशी चाचपून काढली.

"सापडलं!" तो खालून ओरडला. "लिहून घे, हेस्टर. सापडल्याचं ठिकाण: आयव्हीच्या पायाशी."